घर क्रमांक ११४७ची वर्दळ

"मोडेम बघायला आलाय न्हवं? मग चपला पायरीवर काढा आणि बसा रांगेत," शेटेकाकू म्हणाल्या. "लाईट चारला जाती. तवर मशिन मोकळं व्हायचं न्हाय."

मी बसले. म्हसवडच्या पेठेतल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतलं ते लाकडी बाकडं होतं आणि माझ्या आधी त्यावर सात बायका बसल्या होत्या. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. समोर, जिथे पूर्वी गिऱ्हाईक फोटोला बसत असणार, तिथे आता टेबलावर संगणक होता. त्यामागच्या भिंतीवर रंगवलेला बगिचा आणि कारंजं अजून शाबूत होतं. नंबर लागला की बाई उठायची, खिळ्याला अडकवलेल्या आरशात बघून केस सारखे करायची, पदर नीट घ्यायची आणि मगच संगणकापुढे बसायची. संगणकाला कॅमेरा नव्हता, तरीही.

मोडेम दुरुस्तीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी पुण्याच्या एका संशोधन कंपनीत आकड्यांचं काम करायचे. साल २००९, माझं वय सत्तावीस, आणि आकडे कधी खोटं बोलत नाहीत असं मी समोरच्याला विचारायच्या आधीच सांगायचे.

महाराष्ट्रात कोण कुठल्या संकेतस्थळावर किती वेळ असतं, हे आमची कंपनी मोजायची. त्यासाठी अठराशे घरांना आम्ही फुकट मोडेम दिले होते आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या संगणकात एक मीटर बसवलं होतं. त्या घरातलं माणूस कुठलं पान उघडतं, किती वेळ ठेवतं, ते सगळं आमच्याकडे यायचं. घरांना आमच्या लेखी नावं नव्हती, क्रमांक होते. ही अठराशे घरं म्हणजे महाराष्ट्र, असं धरून आम्ही चालायचो. त्यामुळे प्रत्येक माणसाला एक वजन असायचं. पुण्यातला वीस वर्षांचा पोरगा तीनशे पोरांच्या वतीनं मोजला जायचा. लहान गावातली पन्नाशीपुढची बाई मात्र दहा हजार बायकांच्या वतीनं, कारण तशा बायका आमच्याकडे होत्याच मुळी चार.

दर तीन महिन्यांनी सोशल नेटवर्किंगची वाढ आणि वर्दळ यांचा अहवाल निघायचा. तो मी लिहायचे. कॉलेजची पोरं ज्या परदेशी साइटवर एकमेकांच्या वहीत लिहीत बसायची ती ओसरू लागली होती आणि दुसरी एक, निळ्या रंगाची, दर महिन्याला पुढे सरकत होती. दोघींचे आलेख न बघता काढता आले असते. मला जांभया यायच्या. अशात जानेवारी ते मार्चच्या तक्त्यात अगदी तळाला एक ओळ दिसली. 'घरोबा' नावाची मराठी साइट, सांगलीची. लहान गावांतल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये चौपट वाढ. दहा हजारांवरून एक्केचाळीस हजार! मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. अहवालाचा मथळा मीच दिला, 'पन्नाशीच्या बायका निघाल्या नेटवर'. तीन वर्तमानपत्रांनी तो उचलला, एकानं तर माझा फोटोही छापला. आमचे प्रमुख बेलसरे सर यांनी सगळ्यांसमोर पेढे वाटले आणि वरच्या जागेसाठी माझं नाव पुढे पाठवलं. मी महिनाभर जमिनीवर नव्हते.

जूनमध्ये घरोबाच्या मालकाचं पत्र आलं. इंद्रजित मगदूम त्यांचं नाव. मुंबईचा एक गुंतवणूकदार त्यांच्या साइटमध्ये पैसे घालायला तयार होता. त्याला फक्त तो एक्केचाळीस हजारांचा आकडा आमच्या कंपनीच्या कागदावर, माझ्या सहीनिशी हवा होता. सही करण्याआधी सगळं उकरून बघायची मला खोड आहे. उकरलं, तेव्हा भलतंच निघालं.

आमच्याकडच्या चार बायकांपैकी तिघी फेब्रुवारीत गळल्या होत्या. एकीचा संगणक बिघडला, एकीचा मुलगा तो उचलून पुण्याला घेऊन गेला, एकीनं मोडेम परत केला. मग चौघींचं वजन उरलेल्या एकीवर येऊन पडलं, आणि ती नेमकी आधीपासूनच घरोबावर होती. वाढ कुणाचीच झाली नव्हती. माझ्या एक्केचाळीस हजार बायका म्हणजे घर क्रमांक ११४७ मधली एकच बाई होती. आणि ही एक बाई दिवसाला सातशे पानं उघडत होती, तीही कधी सकाळी, कधी दुपारी, कसलाही ताळमेळ नसल्यासारखी.

मीटर बसवलेल्या घरी आकडेवाल्यांनी पाऊल टाकायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी फील्डच्या माणसांकडून पत्ता काढला, दोन दिवस रजा टाकली आणि मोडेम तपासायचं निमित्त करून म्हसवडची एसटी धरली. घरात एखादी एकटी, जराशी डोक्यानं सरकलेली बाई भेटेल, असं मी धरून चालले होते.

"तुमचं खातं हाय का?" बाकड्यावरच्या शेजारणीनं मला विचारलं.

"कसलं?"

"घरोब्यावर ओ."

"नाही."

"न्हाय? पुण्यास्नं आला आणि खातं न्हाय?" तिनं पलीकडचीला कोपर मारलं. "माहेरचं नाव काय तुमचं?"

"माहेरचंच आहे अजून. मृणाल खैरनार. लग्न नाही झालं."

"मग तुमाला काय कळायचं!" बाकडंभर हसू पसरलं. तिचं नाव मासाळमावशी. हसू ओसरल्यावर तिनं मला समजावून सांगितलं, अगदी लहान पोरीला सांगावं तसं. "लगीन झालं की बाईचं नावच जातं बगा. सातवीपातूर मी कुसुम वाघमोडे हुते. आटपाडीच्या शाळंत. आता कुसुम वाघमोडेला हुडकायचं झालं तर कुणी कसं हुडकावं? ह्याच्यावर माहेरचं नाव टाकायचं, माहेरचं गाव टाकायचं, शाळा टाकायची. मला इमल घावली."

"विमल?"

"माज्या बाकावर बसायची. चाळीस वरसं झाली. आता इचलकरंजीला असती. तिचं तिचा नातू लिवतो, माजं ह्या काकू लिवत्यात. परवा तिनं इचारलं, तुजा तो हिरवा परकर आठवतो का. मलाच आठवत नव्हता, तिला आठवतोय."

मी त्या वेळी खूप साइट्स बघितलेल्या होत्या. माहेरच्या नावानं माणूस शोधायची सोय एकीवरही नव्हती. हे मला तक्त्यातून कधी कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं.

शेटेकाकू संगणकाशेजारी स्टुलावर बसून एकेकीचं लिहून देत होत्या. शिक्षण दहावी. यजमानांचा स्टुडिओ डिजिटल कॅमेऱ्यांनी खाल्ला, संगणक तेवढा राहिला. आधी त्यांनी स्वतःचं खातं काढलं, मग शेजारणीचं, मग शेजारणीच्या जावेचं. भिंतीवर वीज मंडळाचं भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, आणि सोमवारी सकाळी, बुधवारी दुपारी अशा ज्या उड्या मला तक्त्यात कोड्यात टाकत होत्या त्यांचं उत्तर तिथं लिहिलेलं होतं. लाईट असेल तेव्हा बायका यायच्या.

"एकूण किती जणी येतात काकू?"

"त्रेचाळीस. सगळ्या एका दिवशी न्हाय. पंधरा पंधरा मिंटं वाटून दिल्यात," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "का ओ? जास्त बायका बसल्या तर मोडेम खराब हुतो का?"

"नाही, नाही. चालतंय ते."

"मग बरं. मला आपली धास्ती, की कंपनी काढून न्हेती का काय."

मीटरला वाटत होतं की एकच बाई सातशे पानं उघडते. उघडत होत्या त्रेचाळीस जणी. एक्केचाळीस हजार हा आकडा सपशेल चूक होता, आणि तरीही बायका निघाल्या होत्या हे खरं होतं. चारला लाईट गेली. मासाळमावशीचा नंबर हुकला म्हणून ती वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडत उठली, आणि मी मोडेमच्या दोन वायरी उगाच काढून परत लावल्या. मला स्वतःची फार लाज वाटली.

तिथून मी पुण्याला परतले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विट्यावरून सांगलीला गेले.

घरोबाचं ऑफिस एका हळदीच्या अडत दुकानाच्या माडीवर होतं. जिना चढेपर्यंत मला चार शिंका आल्या. वर चार टेबलं, चार संगणक आणि तिशीतले इंद्रजित मगदूम. अंगानं किरकोळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"मॅडम, तुम्ही स्वतः आलात? कागद टपालानं पाठवला असता तरी चाललं असतं की."

"कागद आणलेला नाही," मी म्हणाले. "मी काल म्हसवडला होते."

त्यांनी सहकाऱ्यांना चहाला पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "शेटेकाकूंकडं?"

धक्का मी द्यायचा होता, बसला मला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅडम, सर्व्हर माझ्याकडं आहे. माझी माणसं किती, हे मला ठाऊक नसणार होय? एकाच वायरीतनं त्रेचाळीस खाती चालत्यात, हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं. मी जाऊन भेटून आलोय त्यांना. जेवून आलोय."

"मग एक्केचाळीस हजार छापून आले तेव्हा गप्प का बसलात?"

"भ्यालो," ते म्हणाले. "आणि खोटं कशाला बोलू, आवडलं मला ते. चार वर्षं जो तो विचारत होता, ते निळं आल्यावर तुझं कोण बघणार. घरातले पण विचारत होते. पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेलं माणूस छापून म्हणालं, की हे वाढतंय."

मला राग आला. खरं सांगायचं तर त्यांचा नाही आला. मलाही तो आकडा आवडलाच होता, म्हणून तर मी तो आधी उकरून बघितला नव्हता.

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "हा माझा खरा आलेख. रोज येणारे दोन हजार एकशे साठ. महिन्याला चाळीस-पन्नास वाढत्यात."

आलेखाला चढ होता, पण पाटावर गोटी ठेवली तर घरंगळणार नाही, इतपतच. मी बराच वेळ बघत होते. चार वर्षांत तो एकदाही खाली आला नव्हता. दोन्ही परदेशी साइट्सच्या आलेखात मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"सही मी करू शकत नाही," मी म्हणाले. "आणि पुढच्या अहवालातून ते घर काढावं लागेल. गळलेल्यांच्या जागी आलेल्या नव्या घरांतली एकही बाई घरोबावर नाही."

"काढा. मुंबईवाला जाईल, जाऊ दे. त्याच्याकडं मी हाच आलेख घेऊन जायला पाहिजे होतं." त्यांनी बाह्या आणखी एक घडी वर केल्या. "पण एक करा मॅडम. मोजणी चुकली होती असं लिहा. माणसं गेली असं लिहू नका."

"आकडा तर दोन्हीकडून तेवढाच पडणार."

"आकडा तेवढाच पडणार. पण मोजणी चुकली म्हटलं तर मी आधी होतो तेवढाच आहे की. लहान. लहान माणसाचं भागतंय, इथला लोणचेवाला जाहिरात देतोय, साडीवाला देतोय. लोक सोडून चाललेत म्हटलं, की जे आहेत ते पण विचारायला लागतात, आपण का थांबलोय? पडत्या साइटवर कुणी थांबत नाही. हे तुम्हीच दर तीन महिन्याला छापता."

"शुद्धिपत्रक काढू," मी म्हणाले. "शब्द देते."

"नक्की?"

"शब्द दिला ना."

मग त्यांनी खालून चहा मागवला. आईमुळे साइट सुचली, असं ते सांगत होते. आईचं लग्नाआधीचं नाव त्यांना वयाच्या बाविसाव्या वर्षी रेशन कार्डाच्या कामात कळलं होतं.

आता मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. वजनांचा धडा आला की घर क्रमांक ११४७ची गोष्ट सांगते. एक बाई एक्केचाळीस हजार झाली म्हटल्यावर पोरं खो खो हसतात. स्टुडिओतला आरसा, भारनियमन, मासाळमावशी, सगळं सांगते. चूक सापडली, घर काढलं, आकडा सुधारला, असं म्हणून मी खडू ठेवते. इतकी वर्षं गोष्ट तिथंच संपवत आले आहे.

ती तिथं संपली नव्हती.

पुण्याला परतल्यावर मी बेलसरे सरांना सांगितलं की ११४७ काढावं लागेल, त्या घरात एकीपेक्षा जास्त माणसं संगणक वापरताहेत.

"तुला कसं कळलं?"

"पानांच्या संख्येवरून," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.

"मग काढ. नियमच आहे." सरांनी फाईल मिटली.

"सर, शुद्धिपत्रक द्यायला हवं. मागचा आकडा आपला चुकला होता."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावलं, मला बसवलं आणि पाणी दिलं. "मृणाल, घरं येतात, घरं जातात. त्यानं आकडे हलतात. त्याला कुणी चूक म्हणत नाही. पण तुला वाटत असेल तर दे. तुझ्या सहीनं दे, कारण मथळा तुझ्या नावावर होता. मी अडवणार नाही. फक्त वरच्या जागेचा कागद अजून दिल्लीच्या मुख्य कचेरीत फिरतोय, एवढं ध्यानात ठेव. सोमवारी सांग."

शनिवार-रविवार मी शुद्धिपत्रक लिहीत होते. चार ओळींचं होतं. 'मागील तिमाहीतील वाढ ही आमच्या मोजणीतील दोषामुळे दिसली.' दोष कुणाचा, हे लिहायचीही गरज नव्हती, सही बघून कळलंच असतं. मग मला तो छापून आलेला फोटो आठवायचा. नाशिकला आईनं तो कापून देवघराच्या काचेला लावला होता. ज्यांनी ज्यांनी अभिनंदनाचे फोन केले होते ते सगळे आठवायचे. म्हसवडला गेले होते हे कळलं तर नोकरीही जाईल, हेही आठवायचं. रविवारी संध्याकाळपर्यंत मी स्वतःला पटवलं, की आकडा दुरुस्त होतोय ना, मग झालं. शब्द कसे का असेनात.

सोमवारी मी अहवाल दिला. त्यात शुद्धिपत्रक नव्हतं. त्याच्या जागी हे वाक्य होतं, आणि ते माझंच आहे, त्यातला एकही शब्द सरांचा नाही: 'पन्नाशीपुढच्या महिलांचा उत्साह ओसरला, "घरोबा"ची या गटातील वर्दळ एका तिमाहीत जवळपास शून्यावर.'

वर्तमानपत्रांनी हेही उचललं. मुंबईचा गुंतवणूकदार जाणारच होता, तो गेला. पण पाठोपाठ लोणचेवाला गेला, साडीवाला गेला, आणि मग इंद्रजित म्हणाले होते तसं, जे होते ते विचारायला लागले. घरोबा दसऱ्याच्या सुमारास बंद झालं. इंद्रजितनी मला एकदाही फोन केला नाही, पत्र पाठवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. वरची जागा मला ऑगस्टमध्ये मिळाली.

फोन आला तो वेगळा. ज्या दिवशी बातमी छापून आली त्याच दिवशी दुपारी, ऑफिसच्या नंबरवर. मोडेमच्या डब्यावर तो छापलेला असायचा.

"पुण्यावरनं मोडेम बघायला आलेल्या त्या ताई हायत का? खैरनार?"

"बोलतेय."

"मी शेटे, म्हसवडवरनं. ताई, पेपरात आलंय बघा. आमच्यासारख्या बायका घरोबा सोडून गेल्या म्हणून. सकाळपास्नं हितं नुसता कालवा चाललाय. सगळ्या एकमेकींकडं संशयानं बघत्यात, तू गेलीस का, तू गेलीस का. म्हणून मी घरोघरी जाऊन एकेकीला इचारलं. कुणी बी गेलं न्हाय ओ. उलट दोघी नवीन आल्यात."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मगदूमदादांस्नी फोन लावला, तर ते म्हणाले, पुण्याच्या एका कंपनीनं मोजलंय, आपल्या हातात काय न्हाय. आता ती कंपनी मला कुठं ठावं? म्हटलं, पुण्यात आपल्या वळखीच्या तुमी एकट्याच. तुमी आमच्यात बसून गेलाय, डोळ्यानं बघून गेलाय. कुणाला तरी सांगा की ताई. आमी कुठं बी गेलो न्हाय, आमी हितंच हाय."

"सांगते काकू," मी म्हणाले.

"नक्की सांगा. बायकांनी लई मनाला लावून घेतलंय."

"नक्की सांगते."

त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतरही नाही. आज सांगते आहे. त्या तिथंच होत्या.